तुम्ही बसा, मी करते

"सोडा," मी मराठीत म्हणाले.

म्हातारा त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, बहुधा तेच, आणि बॅगेचा दुसरा पट्टा त्याने आणखी घट्ट धरला.

मिनीबस मला रस्त्याच्या कडेला उतरवून वळणाआड गेली होती. वर डोंगर, खाली नदी आणि मध्ये आम्ही दोघं बॅग ओढत उभे. पंच्याहत्तरी उलटून गेलेला, पांढऱ्या मिशांचा, हाडकुळा माणूस. मनगटावरच्या शिरा मोजून घ्याव्यात अशा. त्याच्या खांद्यावर आपलं ओझं द्यायचं आणि आपण मागून हात हलवत चालायचं, हे माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं. जयसिंगपूरच्या मुलींच्या वसतिगृहात मी सबंध नोकरीभर रेक्टर होते. पोरींच्या हातून काय काय ओढून घेतलंय मी. हा म्हातारा त्यापुढे काय. एक हिसका दिला आणि बॅग माझ्याकडे आली.

मग मलाच वाटलं, हे जरा फार झालं. वडीलधारा माणूस आहे. म्हणून मी वाकून पाया पडायला गेले. त्याला वाटलं, बाईचं काहीतरी पडलं. तोही शोधायला वाकला आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. मी कपाळ चोळत हसले. तो हसला नाही. आपल्या रिकाम्या हातांकडे त्याने एकदा बघितलं आणि माझ्या मागून चढ चढायला लागला.

वरच्या घराच्या अंगणात एक बाई अक्रोड वाळत घालत होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे, मग मागून येणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

"बाबुआंना बरं वाटत नाही का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"छान आहेत की. मीच उचलू दिली नाही."

 ती अक्रोड पसरत राहिली. बाई जरा तुसडीच दिसते, असं मी मनाशी म्हटलं आणि बॅग टेकवली.

ती केतो. म्हातारा तिचा सख्खा मामा, नाव ओतार. पण तिथे आजोबांना बाबुआ म्हणतात आणि घरात सगळेच त्यांना बाबुआ म्हणायचे. मीही म्हणायला लागले. बाबांच्या इतकं जवळ जाणारं हाक मारायचं नाव परदेशात फुकट मिळालं होतं, ते कोण सोडेल?

जॉर्जियात, बाटुमीच्या वरच्या डोंगरात हे घर होतं. बाबुआंचं वडिलोपार्जित. पोरंबाळं नाहीत, बायको गेलेली. केतोने त्यांच्या संमतीने ते सगळ्यांना उघडून दिलं होतं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेली माणसं तिथे राहायची, राबायची, एका टेबलाला जेवायची. मी गेले तेव्हा आठ-दहा जण होते. एक पोलिश जोडपं होतं, एक ब्राझीलचा सुतार होता, आणखी कोण कोण. स्वयंपाक करायचा तो तबरीझचा बेहरुझ.

मी तिथे कशी पोचले त्यात काही थोर नाही. निवृत्त झाले आणि निघाले. इस्तंबूलपर्यंत विमानाने, तिथून पुढे काळ्या समुद्राच्या काठाकाठाने बसने. घाई कसलीच नव्हती. गाव आवडलं की उतरायचं, कंटाळा आला की पुढची बस. एका चहाच्या मळ्यात तर मी पानं खुडायला महिनाभर राहिले होते. तिथेच कोणीतरी या घराचं सांगितलं. दोन दिवस बघावं म्हणून आले आणि बॅग पुन्हा भरायची राहूनच गेली.

का, ते सांगायला मला जमत नाही. पहिल्या आठवड्यातच मला तिथे झोप लागायला लागली एवढं खरं. संध्याकाळी बेहरुझ आणि मी एक खेळ खेळायचो. तो फारसी शब्द म्हणायचा, मी मराठी. दरवाजा, जमीन, हवा, पनीर. जुळला शब्द की दोघांनी टेबलावर थाप मारायची. सगळं टेबल आमच्याकडे कौतुकाने बघत असायचं. माझ्याकडे कोणी अशा नजरेने बघितल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

जयसिंगपूरहून आप्पाचा, माझ्या धाकट्या भावाचा, अधूनमधून फोन यायचा.

"काय गं शालनाक्का, पाहुणचार किती दिवस झोडणार आहेस?"

"बघू. माझी खोली झाडतेस का म्हणावं वहिनीला."

"खोलीत तिनं शिलाई मशीन टाकलंय. तात्पुरतंच हां. तू आलीस की काढू."

"राहू दे की," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मी केतोला शोधत बागेत गेले आणि सरळ विचारलं, "मला हिवाळ्यात इथे राहता येईल का?"

बर्फ पडलं की वरचा रस्ता बंद होतो. मग वसंतापर्यंत ना कोणी येतं, ना कोणी जातं. त्याआधी एका रविवारी सगळं घर टेबलाभोवती बसतं आणि कोण राहणार ते ठरवतं, हे मी ऐकून होते.

केतोने हात झटकले. "इथे जो राहतो त्याचं एक काम असतं. आपण निवडायचं नसतं. कोणीतरी दिलं तर मिळतं."

"मी कुठलंही काम करीन."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा वाफ्यात वाकली.

मला तो होकार वाटला. उत्साहाने मी दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली.

आता त्या घरात एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. दुसऱ्याच्या कामाला कोणी हात लावत नसे. एकदा चुलीवर घेवडा करपायला लागला होता. पोलिश बाई शेजारीच उभी, पण डाव उचलून ढवळेल तर शपथ. बेहरुझच्या नावाने ओरडत राहिली. बेहरुझ अंगणातून धावत आला, तोवर घेवडा तळाला लागला होता. ही काय एकत्र राहायची रीत, असं मला झालं. आमच्या वसतिगृहातल्या पोरीसुद्धा एवढ्या बेफिकीर नव्हत्या.

आणि बाबुआ. स्वयंपाकघराच्या मधोमध एक मोठी लोखंडी चूल होती, सगळं घर तिच्यावर तापायचं. ती पेटवायची बाबुआंनी. भल्या सकाळी ते गुडघा धरत खाली बसायचे, हातकुऱ्हाडीने ढलप्या काढायचे. हात थरथरायचे. झऱ्यावरून पाणी आणायचं तेही त्यांनीच आणि बसवाल्या दिवशी खाली जाऊन येणाऱ्याचं सामान वर आणायचं तेही त्यांनीच. इतकी धडधाकट माणसं घरात, आणि म्हातारा राबतोय. कोणाला काही वाटेना. मला बघवत नव्हतं.

म्हणून मी लवकर उठायला लागले.

पहिल्या दिवशी बाबुआ आले तेव्हा चूल रसरसत होती. पेटवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. वसतिगृहाचा बंब मी वर्षानुवर्षं पेटवलाय, तोही ओल्या लाकडांवर. मी बाक पुढे ओढला आणि खुणेने म्हटलं, "तुम्ही बसा, मी करते."

ते बसले. थोड्या वेळाने उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आले. मी त्याच्याही आधी आले होते. तिसऱ्या दिवशी दारातच आमची गाठ पडली, पण माझ्या हातात काड्यापेटी होती. बिचाऱ्यांना वयामुळे झोप येत नाही, असं मी केतोला सांगितलं. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी इंग्रजीत भलतंच काही बोलले की काय अशी मला शंका आली.

मग मी पाणीही आणायला लागले. बसच्या दिवशी त्यांच्याआधी खाली जाऊन उभी राहायला लागले. बाबुआ आता बाकावर बसून असत. विश्रांती मिळतेय म्हणून मला बरं वाटे.

पण टेबलाला काहीतरी व्हायला लागलं होतं. माझ्याशी कोणी वाकडं वागत नव्हतं. सगळे विचारपूस करायचे, वाढायचे. नुसतं ते थंड होत चाललं होतं. मी "बाजार" म्हटलं तर बेहरुझ "हो, आमच्यातही" म्हणून ताटात बघायला लागला. टेबलावरची थाप राहूनच गेली. सुतार माझ्या हातातली बादली काढून घ्यायला पुढे यायचा आणि बाबुआंनी मान हलवली की तसाच मागे फिरायचा. मला काही कळेना. माझं काय चुकलं? मी जास्त खाते का? माझ्या केसांच्या तेलाचा वास येतो का? माझा रंग नकोय का यांना, असंही मनात येऊन गेलं, पण सुतार माझ्यापेक्षा काळा होता आणि सगळ्यांचा लाडका होता.

कळेनासं झालं की मी काम करते. जन्माची सवय. मी जिने पुसले, जोडे पुसले, पोलिश बाईची लोकर विंचरून ठेवली. तिने ती पुन्हा विस्कटली आणि स्वतः विंचरत बसली. मी काम वाढवलं की टेबल आणखी गप्प व्हायचं, आणि ते गप्प झालं की मी आणखी काम शोधायची.

एक दिवस केतो म्हणाली, "शालन, जरा बसत जा ना."

"मला बसायची सवय नाही."

"पाहुण्यांनी बसावं."

"मी पाहुणी नाही," मी म्हणाले.

"मग कोण आहेस?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं.  मी बादली उचलली आणि झऱ्यावर गेले. तिथे जरा रडून घेतलं.

रविवार आला. अक्रोड उतरून झाले होते, समोरच्या शिखरावर पांढरं दिसायला लागलं होतं. टेबलाभोवती सगळे बसले. मी हातावर हात घट्ट दाबून बसले होते. आयुष्यात मी कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागत होते, तेही परक्या माणसांकडे, परक्या देशात. नाही म्हणाले तर उद्याची मिनीबस, आणि पुढे शिलाई मशीनशेजारची खाट.

केतो काही बोलायच्या आत बाबुआ उभे राहिले. चांगला कोट घातला होता. ते थांबून थांबून बोलले आणि केतो इंग्रजीत सांगत गेली. सांगताना तिचा आवाज मोठा होईना.

"मी या हिवाळ्यात झुराबकडे राहीन म्हणतो. कुताइसीला." झुराब म्हणजे केतोचा भाऊ. उंच इमारतीत कितव्यातरी मजल्यावर राहायचा. "तिथे बर्फाचा त्रास नाही. उद्याच्या गाडीने निघतो. चूल शालन पेटवेल. तिला येतं, मी पाहिलंय. तिला राहू द्या."

ते टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले आणि ती हातकुऱ्हाड त्यांनी माझ्यापुढे धरली.

माझा जीव भांड्यात पडला. मी उठले, दोन्ही हातांनी कुऱ्हाड घेतली आणि खंडेनवमीला हत्याराला लावतो तशी कपाळाला लावली. कोणीतरी हुंदका दिला. पोलिश बाई असावी. मला वाटलं, किती मायाळू माणसं आहेत. बाबुआंनी माझ्या खांद्यावर थोपटलं, हसले, आणि आपल्या खोलीत गेले.

मला जागा मिळाली होती. पण एकानेही मला शाबास म्हटलं नाही. एकेक जण खुर्ची सरकवून उठला. मी कुऱ्हाड हातात घेऊन तशीच उभी, आणि खोलीत मी आणि खरकटी ताटं.

दुपारी बेहरुझ ताटं धूत होता. मी कोरडी करायला फडकं घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा ठेवून दिलं.

"काय झालंय ते सांगशील का मला?" मी म्हटलं. "मी इथे कोणाला नकोय का?"

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "बाबुआंनीच सांगितलं होतं, कोणी काही बोलायचं नाही म्हणून. पाहुणी आहे, मनाने चांगली आहे. पण आता ते चाललेच आहेत." त्याने हात पुसले. "तू त्यांचं काम घेतलंस, शालन. त्यांनी दिलं नसताना."

"म्हाताऱ्या माणसाला लाकडं फोडू द्यायची? आमच्यात वडीलधाऱ्यांना काम करू देत नाहीत. पाप लागतं."

"मग ते काय करतात?"

"बसतात."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खुर्चीत. ओसरीवर."

"आणि मग?"

मी ठेवलेल्या फडक्याची घडी घालायला लागले.

मला आमची वहिनी आठवली. वाईट नाही हो ती, सोन्यासारखी बाई आहे. मी निवृत्त झाले त्या दिवशी तिने पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरायला घेतली तर विळी माझ्यासमोरून उचलली. "पुष्कळ केलंत आक्का आयुष्यभर. आता तुम्ही बसा, मी करते." कपडे वाळत घालायला गेले तर भाचीने बादली घेतली. दुधाला जायला पिशवी उचलली तर आप्पाने पिशवी घेतली. सगळ्यांचं माझ्यावर प्रेम. मी खुर्चीत बसले. समोर टीव्ही लावून दिला. चार दिवसांनी मला वाटायला लागलं की मी या घरात एक फोटो आहे आणि हार घालायचा तेवढा राहिलाय. मग मी सगळ्यांना सांगितलं, मला जग बघायचंय.

हे मी बेहरुझला सांगितलं नाही. त्यालाच काय, तोपर्यंत स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "मी त्यांचं काम परत देते. आत्ता जाऊन कुऱ्हाड देते."

"दिलेलं परत घेत नाहीत. या घरात तसं नाही चालत. ते घेणारही नाहीत, तू मानी आहेस तसे तेही आहेत." तो ताटं रचायला लागला. "खरं तर देणारा आधी शिकवतो. घेणाऱ्याला येत नाही तोवर काम देणाऱ्याचंच. पण तुझ्या बाबतीत तेही राहिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले ना, तिला येतं."

"येतंच मला."

"तेच तर," बेहरुझ म्हणाला.

खरं सांगते, मला तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं. आजही निम्मं पटलंय. गुडघा धरून खाली बसणारा म्हातारा माणूस आणि आपण शेजारी हाताची घडी घालून उभं राहायचं, ही माया कुठल्या जातीची? आणि त्यांच्या हातून सगळं काढून घेऊन त्यांना खुर्चीत ठेवायचं, ही तरी कुठल्या जातीची? वहिनी चुकली असं मी म्हणू का? मग मी इथे वेगळं काय केलं? संध्याकाळपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. एवढंच दिसत होतं की मला हवी ती जागा मिळाली होती आणि ती बाबुआंची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सवयीने डोळे उघडले. बाहेर रात्रीत बर्फ भुरभुरलं होतं. चूल थंड पडलेली असणार. माझे पाय आपोआप पांघरुणाबाहेर यायला बघत होते. मी ते आत घेतले. पडून राहणं किती कष्टाचं असतं ते मला त्या सकाळी कळलं. खालून खुर्च्यांचे आवाज आले, खोकल्याचे आले. चुलीला हात लावणाऱ्याचा आवाज येईना. येणार कसा, ते माझं काम होतं.

चांगली उन्हं आल्यावर मी खाली गेले. सगळे कोट घालून टेबलाभोवती कुडकुडत बसले होते. चहा नाही, भाकरी नाही. बाबुआ दारापाशी उभे होते, टोपी घालून, पायाशी छोटी पेटी.

मी कोणाकडे न बघता चुलीसमोर बसले. अख्खा ओंडका आत सारला, त्यावर कागदाचा एक बोळा ठेवला आणि काडी लावली. कागद भप्पकन पेटून विझला. दुसरा लावला. हवेची झडप बंद ठेवली होती, ती मी मुद्दाम उघडली नाही. धूर खोलीत आला. सुतार खोकायला लागला, कोणीतरी खिडकी उघडली. रेक्टरबाईंना त्या अवस्थेत वसतिगृहाच्या पोरींनी बघितलं असतं तर वर्षभर त्यांना दुसरी करमणूक लागली नसती. माझे कान तापले होते.

"मला येत नाही," मी म्हणाले.

 केतोने ते बाबुआंना जॉर्जियनमधून सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

बाबुआ काहीतरी म्हणाले. "ते म्हणतात, रोज तर पेटवत होतीस," केतो म्हणाली.

"जमून गेलं असेल. लाकडं चांगली होती."

"ते म्हणतात, लाकडं तीच आहेत."

"मग मीच ती नसेन," मी म्हणाले. मला अगदी रडू यायला लागलं होतं. "त्यांना सांग, त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं की मला येतं. नाही येत. मी इथे राहिले तर हिवाळ्यात सगळे गारठून मरतील. मी तरी जाते, नाहीतर त्यांनी तरी मला शिकवावं."

"हिला खरंच काही येत नाही, बाबुआ," बेहरुझ मध्येच म्हणाला. "परवा माझा भातसुद्धा हिनेच करपवला." तो मी करपवला नव्हता, त्याचा त्यानेच करपवला होता.

खालून मिनीबसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. बाबुआ माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजलं होतं. न समजायला ते काही लहान नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच मी त्यांना काहीतरी मागत होते, देत नव्हते.

त्यांनी टोपी काढून पेटीवर ठेवली. आले आणि मला खांद्याला धरून बाजूला सारलं, चांगलं जोरात. एक शब्द म्हणाले. तो शब्द मला नंतर कळला, "सरक". मग ते गुडघा धरून हळूहळू खाली बसायला लागले. अर्ध्यात त्यांचा तोल गेला. माझे हात सुटले होते धरायला. मी ते मागे घेतले आणि शालीत गुंडाळून ठेवले, आणि ते बसेपर्यंत श्वास धरून उभी राहिले.

गाडी तिसऱ्यांदा हॉर्न वाजवून गेली. दोन दिवसांनी रस्ता बंद झाला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तो हिवाळा शिकत होते. रोज सकाळी काहीतरी चुकायचं. कधी ढलपी जाड, कधी झडप उलटी. बाबुआ रागवायचे. माझं जॉर्जियन रागावण्यातूनच तयार झालं, त्यामुळे मला त्या भाषेत अजून प्रेमाने बोलता येत नाही, असं केतो म्हणते. पाणी मात्र त्यांनी मला कधी आणू दिलं नाही. सामानही नाही. पुढच्या हिवाळ्यातही मी शिकत होते, त्याच्या पुढच्याही. नवीन आलेली माणसं म्हणायची, ही इंडियन बाई स्वभावाने बरी आहे पण बुद्धीने जरा मंद दिसते. बेहरुझ गंभीर चेहऱ्याने हो म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात, बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ होतं, बाबुआ सकाळी उशिरा आले. मी चुलीपाशी थांबून होते. ते खाली बसले नाहीत. उभ्यानेच माझ्या हाताकडे बघत राहिले. मी जाड ढलपी उचलली, नेहमीसारखी.

"तुला येतं आता," ते म्हणाले.

"नाही येत," मी म्हणाले.

"येतं."

"धूर होतो अजून, बाबुआ." मी झडप घट्ट बंद केली. "हे बघा. कुठे येतंय?"

 केतोने हातातली सुरी खाली ठेवली. मी हट्टाने ओंडका आत सारत होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुराने आलं असं म्हणायला अजून धूर झालेला नव्हता.

"शिकवा," मी म्हणाले. "बसा इथे आणि शिकवा मला."

बाबुआंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ते एकेक पाऊल टाकत भिंतीशी गेले, बाकावर टेकले, पाय लांब केले.

"तू कर," ते म्हणाले. "मी बसतो."